नसलेल्या विहिरीला वळसा

नसलेल्या वस्तूंवर आपटण्यापासून माणसांना वाचवणारा अख्ख्या नवी मुंबईतला एकमेव गृहस्थ म्हणजे माझे व्याही. माझी मुलगी त्यांच्या तळोज्याजवळच्या नावडे गावातल्या घरी सून म्हणून गेली आणि वर्षभरात त्यांनी मला खारघरच्या सायकलवाल्यांच्या रविवारच्या रांगेत आणून उभं केलं. माझे गुडघे दुखतात, ही सबब मी पुढे करून पाहिली. "व्याही, गुडघं बसून दुखतान. चला," एवढंच म्हणाले. मुलीच्या सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? गेलो.

या रांगेची एक रीत आहे. मागच्याला रस्ता दिसत नाही, दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. म्हणून सगळ्यांत पुढे जो असेल त्याने हाताने खूण करायची. बोट खाली रोखलं की खड्डा, पंजा हलवला की खडी. ती खूण प्रत्येकाने जशीच्या तशी मागे पोचवायची आणि वळसा घालायचा. विचारायचं काही नाही. व्याही वयाने सगळ्यांत मोठे, जन्म इथलाच, आणि दम असा की चढावर कॉलेजची पोरंसुद्धा त्यांच्यामागे धापा टाकत. त्यामुळे पुढची जागा त्यांची. पहिल्याच रविवारी तळोज्याच्या रस्त्यावर त्यांनी बोट रोखलं, आम्ही सगळे भलामोठा वळसा घालून गेलो आणि मी वळून पाहतो तर रस्ता ताटासारखा गुळगुळीत! मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. चहाच्या टपरीवर भीत भीत विचारलं.

"अवो, तितं आमची इहीर व्हती."

"पण आता नाही ना?"

"आता नाय. पन व्हती ना?"

मी आणखी एक चहा सांगितला.

हळूहळू कळलं की विहीर ही नुसती सुरुवात होती. सरळसोट चौपदरी रस्त्यावर व्याही नागमोडी चालवत, कारण पूर्वीचा बांध तसा होता. एका चौकाच्या अलीकडे ते उजवा पाय पेडलवरून उचलून हवेत धरत. ही खूण कुणीच कधी पाहिली नव्हती, पण रीत ती रीत, आम्हीही ओळीने पाय वर! रिक्षावाले थांबून बघत. तिथे म्हणे त्यांची खाचरं होती आणि लावलेली रोपं तुडवायची नसतात. बरं, माणूस विसराळू म्हणावा तर तसंही नाही. मेट्रोचा खांबन् खांब त्यांना पाठ, आणि खरा खड्डा तर ते लांबूनच हेरत. त्यामुळे त्यांचं बोट दिसलं की माझी भंबेरी उडे. हा खड्डा आजचा, की तेव्हाचा? एकदा मी मनाशी 'तेव्हाचा' असं ठरवून सरळ पुढे गेलो. तो आजचा निघाला. माझे दात अजून त्या दिवसाची आठवण काढतात.

मग शर्यतीची टूम निघाली आणि सराव जोरात सुरू झाला. अशाच एका सकाळी सुसाट वेगात व्याह्यांचं बोट खाली गेलं, रांग एकदम वळली आणि आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पडल्या. कोपर सोलवटलं, बाकी नशीब. "काका, खड्डा होता कुठे?" त्यांनी विचारलं. व्याही सायकल धरून उभे राहिले. या बिल्डिंगकडे पाहिलं, त्या बिल्डिंगकडे पाहिलं. "हितंच... नाय, थोडं पल्याड आसंल," ते म्हणाले. आजवर गोंधळायचं काम माझं असे. त्यांना गोंधळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

सगळ्यांनी ठरवलं, काकांनी यापुढे शेवटी राहावं. आणि हे सांगायचं कुणी? व्याह्यांच्या व्याह्यांनी, म्हणजे मी! मी नावड्याला गेलो, बसलो, आणि तळलेल्या बोंबलांची तीनदा तारीफ केली.

"व्याही, मना मागं घातलाय ना?" शेवटी तेच म्हणाले. "बोला की. पोरीचं सासर हाय, कोरटात नाय आलाव." मग माझ्या ताटात आणखी एक बोंबील टाकत, "बाय पडली, तुमचं बराबर हाय. पन शेवटच्याच्या मागं कोन नसतं. हात दाखवायचा कुनाला?"

"मला," मी पटकन बोलून गेलो. "मी राहीन तुमच्या मागे."

तसा मी राहिलो. पुढे नवा मुलगा, त्याच्या हँडलवर रस्ता बोलून दाखवणारं यंत्र. मी व्याह्यांच्या हाताकडे डोळे लावून बसलो होतो. तळोज्याचा रस्ता आला आणि गेला. चौक गेला. व्याह्यांचे दोन्ही हात हँडलवर, दोन्ही पाय पेडलवर. एक बोट हललं नाही.

"व्याही, पुढे काही नाही का हो?" मी ओरडून विचारलं.

"काय नाय," ते मागे न बघता म्हणाले. "रस्ता चांगला हाय."

चांगलाच होता. इतक्या चांगल्या रस्त्यावर मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.