एका डब्ल्यूची अकरा पानं

चहा ओता आधी, मग माझी शोभा ऐका. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात हो. मी तो पोरीच्या पायावर पाडला!

मी शारजाच्या औद्योगिक भागात एका गोदामाची कागदपत्रं सांभाळतो. बावीस वर्षं इथे काढून एकच शिकलो: शिक्क्याशिवाय माणूस खरा नाही.

माझी लेक सानिका. डॉक्टर व्हायचं, हे तिचं पाचवीपासूनचं वेड. इथल्याच कॉलेजात सायन्सची डिग्री केली, मेडिकलला अर्ज भरला. मार्क उत्तम. पण मार्कांच्या कागदावर फिजिक्ससमोर 'डब्ल्यू'! म्हणजे विषय मध्येच सोडलेला. पुढच्या टर्मला तोच विषय घेऊन पास झाली, तरी डब्ल्यू तिथे ठाण मांडून.

"का गं सोडलास?"

"बोअर होत होतं, बाबा. इट्स जस्ट वन डब्ल्यू. नोबडी केअर्स."

नोबडी केअर्स? मी भडकलो. बायको धावत आली. गेल्या वर्षी माझी बायपास झाली, तेव्हापासून ती मला भडकू देत नाही.

"अहो, जाऊ द्या. तुम्ही काही करू नका."

हे वाक्य ऐकलं, की मी हमखास काहीतरी करतो.

दुबईत अल कुसैसला आम्ही राहतो त्या बिल्डिंगखाली बशीरचं टायपिंग सेंटर आहे. त्याच्याकडून पत्र करून घेतलं: विषय मुलीच्या निष्काळजीपणामुळे सुटला, तिला पश्चात्ताप झाला आहे, वडील हमी देतात. जोडीला शाळेचा वर्तणुकीचा दाखला, माझ्या कंपनीचं ना-हरकत पत्र...

"साब, कंपनी को इसमें क्या ऑब्जेक्शन होगा?"

"तू टाइप कर, हबीबी. शिक्का मैं लाता हूँ."

अकरा पानं झाली. सानिकाला न सांगता मेडिकल कॉलेजात देऊन आलो. काय अभिमान वाटला होता स्वतःचा!

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बसलेला. दहा मिनिटांत मलाही आत बोलावलं. वाटलं, अभिनंदन करणार!

मुलाखत घेणाऱ्या मॅडमसमोर माझी फाइल उघडी होती.

"एक डब्ल्यू हो तो हम पूछते भी नहीं. उस पर ग्यारह पन्ने आएँ, तो पूछना पड़ता है. आपने लापरवाही लिखा है. बेटी कुछ और बोल रही है."

मी सानिकाकडे पाहिलं. तिची मान खाली.

"बाबा, यू वर इन द हॉस्पिटल. तीन आठवडे. माझ्या सगळ्या लॅब्स मिस झाल्या. तुम्हाला सांगितलं असतं तर यू वुड हॅव ब्लेम्ड युअरसेल्फ."

ती तीन आठवडे माझ्या उशाशी बसलेली मला दिसत होती हो. हिचं कॉलेज बुडतंय का, एवढं विचारायचं मात्र सुचलं नाही.

"हॉस्पिटल का कोई पेपर?" मॅडमनी विचारलं.

अकरा पानांत नेमका तोच नव्हता. तिथेच मला रडू फुटलं.

निकाल आला: वेटिंग लिस्ट. सानिका जेवली, ताट उचललं, आत गेली. भांडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी डिस्चार्जचा कागद घेऊन मी पुन्हा बशीरसमोर. त्यानं माझं जुनं पत्र कॉम्प्युटरवर उघडलं.

"साब, इस बार लापरवाही किसकी लिखूँ?"

"मेरी."

बशीरनं माझ्याकडे पाहिलं आणि प्रिंटरमध्ये कागदांचा नवा गठ्ठा भरला.

"फिर तो साब, ग्यारह में नहीं बैठेगा."