पहिल्या घरातला आकडा

नांदुऱ्याच्या तार ऑफिसात जानराव वानखडे खुर्चीवर बसला, की दोन्ही हात टेबलावर अन् डोळे मिटलेले. नवख्याला वाटे, बाबू पेंगला. पण यंत्राची कट्टकट्ट सुरू झाली, की डोळे न उघडताच त्याचा हात कागदावर चालू लागे. पलीकडे कोण आहे हे त्याला नावाआधी कळे. प्रत्येकाच्या बोटाची चाल वेगळी. नदीच्या वरच्या अंगाला हिंगणखेडात शेषराव होता. गावचं पोस्टही त्याच्याकडं, पाण्याची पट्टी वाचायचं कामही त्याच्याकडंच. तो बैलानं रवंथ करावा तसा सावकाश ठोके द्यायचा.

त्या भादव्यातल्या दुपारी मात्र शेषरावचा हात धावत होता. आकडे दोनच. एकतीस, चार. जानरावनं ते उतरवले अन् समोरच्या पूर-चौकीत धाडून दिले. आकड्याचा अर्थ लावणं तारवाल्याचं काम नव्हे, या गोष्टीचा त्याला उलट अभिमानच होता.

दहा मिनिटांत चौकीचा कारकून उत्तमराव तोच कागद फडकवत खिडकीत.

"काऊन हो जानराव, भांग घेऊन बसले का आज? एकतीस इंच पाऊस! अन् नदीले पाणी चार फूट. म्हैस तरी भिजंन का त्यात?"

"जे आलं ते लिवलं, भाऊ."

"मंग पुन्हा मागवा. मले दुरुस्त तार पाह्यजे."

खिडकीतून जानरावला उगवतीचं आभाळ दिसत होतं. तव्याच्या बुडासारखं काळं. शेषरावच्या पट्टीवर अठ्ठावीस फूट पाणी झालं, की खाली सावरपूरची नदीकाठची वस्ती उठवायची, असा हुकूम होता. हिंगणखेडचं पाणी चार तासांत सावरपुरात पोचे. त्या वस्तीत शेवटचं घर जानरावच्या बहिणीचं, बेबीचं. गावात उंचावर त्या वस्तीतल्या लोकांना कधी कोणी जागा दिलीच नव्हती. बेबी अकरा दिवसांची बाळंतीण होती.

त्यानं तार पुन्हा मागवली. एकतीस, चार. आपण होऊन ते आकडे शेषरावला परत वाजवून दाखवले. शेषराव म्हणाला, बरोबर. मग जानराव उठला, बॅटरीच्या बरण्या पाहिल्या, भिंतीमागं जमिनीत गेलेली तार ओढून पाहिली. एकपासून दहापर्यंत आकडे पाठवले, जसेच्या तसे परत आले. तार धड, यंत्र धड, शेषराव शुद्धीवर. अन् निरोप तरी येड्यासारखा.

"झालं का?" उत्तमराव खिडकी सोडायला तयार नव्हता.

"तेच येऊन राह्यलं. तुम्ही वस्ती तर उठवा, भाऊ."

"कशावर उठवू? साहेब मलकापूरले गेले. चार फुटावर गाव उठवलं अन् पाणी आलंच नाही, तर माही नोकरी जाईन. तुमची बहीण हाये तिथं, म्हून तुमचा जीव वरखाली होते, मले का समजत नाही?"

जानरावच्या कानशिलात रक्त चढलं. पण भांडलो, तर हा माणूस पाठ फिरवून जाईल, हे त्यानं ओळखलं.

त्यानं आठ दिवसांच्या तारांचा गठ्ठा ओढला. जन्मात पहिल्यांदा तो आकडे आकडे म्हणून वाचू लागला. पहिल्या जागी चार, पाच, पाच, सहा, सहा, आठ, आठ, नऊ. दुसऱ्या जागी दोन, एक, तीन, एक, दोन, तीन, एक, दोन. त्याचं बोट थांबलं. पाऊस कधी जास्त, कधी कमी पडतो. पहिला आकडा एकदाही खाली उतरला नव्हता. असं चढत जाणारं काय असतं? नदी.

"भाऊ, तुमचा फारम दाखवा."

उत्तमरावनं दाखवला. राज्य नवं झालं तसा फारमही नवा आला होता, चौकीनं तो आठच दिवसांपूर्वी लावला होता. पहिलं घर: पाऊस. दुसरं घर: पाणी.

जानरावनं कळ दाबली. "तुझ्या कागदावर पहिल्या घरात काय छापलं?"

उत्तर आलं, "पाणी."

शेषरावकडं नव्या फारमांचा गठ्ठा महिन्यापासून बांधलेला पडला होता. जुनं पेव सरल्याबिगर नवं फोडू नाही, ही त्याच्या बापाची शिस्त. ज्वारीला लावली तशी त्यानं ती सरकारी कागदालाही लावली. आठ दिवस आकडे उलट्या घरात बसत होते अन् कोणाला शंका आली नव्हती. नऊ इंच पाऊस अन् दोन फूट पाणी, असंही होऊ शकतं ना!

उत्तमरावचा चेहरा उतरला. तरी तो कागदाकडंच पाहत राहिला. "पण लेखी तर चारच फूट हाये, जानराव."

"आता लेखीच देतो."

त्यानं शेषरावला सांगितलं, प्रत्येक आकड्यामागं त्याचं नाव लाव. यंत्र कडाडलं. *पाणी बत्तीस फूट. पाऊस चार इंच. पाणी चढून राह्यलं.*

"पुराच्या तारेत शब्द घालाले मनाई हाये," उत्तमराव पुटपुटला.

"मंग जबाबदार म्हून माही सही घ्या."

सही झाली. पावणेदोनला उत्तमरावला घेऊन जीप सुटली.

पुढचे तास जानरावनं खुर्चीत काढले. सावरपूरला तार नव्हती, अन् कळ सोडून जाता येत नव्हतं. पाणी तेहतीस. पाणी चौतीस. मग यंत्र मुकं झालं. हिंगणखेडची लाईन तुटली होती. डोळे मिटून बसणारा तो माणूस त्या दिवशी दाराकडं टक लावून बसला.

दिवेलागणीला चिखलानं माखलेली जीप आली. उत्तमराव खिडकीशी आला अन् बाजूला सरला. मागं बेबी. लुगड्याच्या पदरात पोर गुंडाळलेलं.

"दादा, घर गेलं."

"अन् माणसं?"

"सारी शाळेत हायेत. उत्तमरावदादानं म्हातारी धुरपती पाठीवर आणली." मग तिला हुंदका आला. "माह्या कोंबड्या राह्यल्या रे."

जानरावनं पोर हातात घेतलं.

महिन्यानं वरून विचारणा आली: मनाई असताना तारेत शब्द का घातले? त्यानं खाली "माणसं वाचली" एवढं लिहून सही केली. पुढं पेन्शनीपर्यंत त्याची एक खोड राहिली. तो बाजाराला निघाला, की बायको जनकाबाई म्हणे, "दोन अन् पाव आणजा." तो चप्पल घालता घालता थांबे. "कशाचे दोन, अन् कशाचा पाव?"

पुरानंतर हिंगणखेडची लाईन जोडली, तेव्हा शेषरावची पहिली तार आली, पुन्हा तशीच सावकाश: *जुन्या गठ्ठ्यातले अकरा कागद शिल्लक. काय करू?*

जानरावनं डोळे मिटून उत्तर दिलं: *चुलीत घाल.*