कॉफीवाली

आमच्या घरात तिला सगळे कॉफीवाली म्हणतात. ती कॉफी विकत नाही की करत नाही. मोठ्या इस्पितळात बोलणं गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवते. हे नाव तिला मी ठेवलं, आणि का ठेवलं ते सांगते. फक्त मधे कुणी तोंड घालू नका, ते काम या घरात माझं आहे.

आमचे हे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. बटाट्याच्या गोण्यांवर उभं राहून एक वार, दोन वार, तीन वार. आवाज असा खणखणीत, की फाटकाबाहेरच्या ट्रकवाल्यांनाही भाव कळायचा. पण बाजारात त्यांचं नाव होतं ते थांबण्यासाठी. बाकीचे पुकारणारे दोन वार, तीन वार एका दमात उरकून माल पुढच्या बड्या व्यापाऱ्याच्या पदरात टाकायचे. हे दोन वार म्हटलं की डावा हात वर धरायचे आणि गप्प उभे राहायचे. मागे कुणी टोपलीवाली म्हातारी मनात हिशेब करत असली, तर तिचा हात वर येईपर्यंत वेळ द्यायचे. व्यापारी करवादायचे. हे म्हणायचे, मागच्याला वेळ लागतो म्हणजे त्याला माल नको असतो असं नाही.

अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत यायचा नाही. नुसतं "ते... ते..." करायचे. मी लगेच त्यांच्यापुढे शब्दांची रांग लावायची: पाणी हवंय? चादर? पंखा लावू? खिडकी? माझ्या जिभेला तसंही हाड नाही. ते डोळे मिटून घ्यायचे. पुढे पुढे तर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मला धास्ती बसली, की हा माणूस आता असाच भिंतीकडे बघत जाणार.

डॉक्टरांनी एका कॉलेजचं नाव सुचवलं. तिथे स्पीच थेरपीचा मास्टर्सचा कोर्स चालतो. शिकणाऱ्या मुली-मुलंच रुग्णांना शिकवतात, आणि त्यांचे शिक्षक काचेमागे बसून बघतात. दुसऱ्या मजल्यावर लांबच्या लांब व्हरांडा, आणि जिना संपताच भिंतीवर भला मोठा फळा. कुणाला सुवर्णपदक, कुणाचा निबंध कुठल्या परिषदेत गाजला, कोण कुठल्या इस्पितळात लागलं, तान्ह्या बाळांचे कान तपासायच्या शिबिराला मिळालेलं बक्षीस, सगळं त्यावर. कोर्सच्या प्रमुख, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या प्रत्येक नव्या माणसाला आधी या फळ्यासमोर उभं करायच्या. मी मनात म्हटलं, पदकं राहू द्या हो, आमच्या वाट्याला काय येतंय ते दाखवा.

आली ती एक किरकोळ पोरगी. ह्यांच्यासमोर बसली, हात जोडले आणि "न... न... न..." करत अडकली. मान ताठ, डोळे मिटलेले. नमस्कार बाहेर पडेपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं, आमचा माणूस मुका आणि तुमची मुलगी तोतरी, जोडी छान जमवलीत, आता दुसरी कुणी द्या. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तिला घेऊ नका असं इथले शिक्षकही म्हणत होते. बोलायला शिकवणारीच अडखळली तर लोक हसतील म्हणाले. तरी मी घेतली. तुम्ही एकदा काचेमागे बसून बघा, नंतरही नको वाटली तर बदलून देते.

काचेमागची खोली म्हणजे अंधारी अडगळच. चार खुर्च्या आणि एक खरखरणारा स्पीकर. आपल्याला ते दिसतात, त्यांना आपण दिसत नाही. पोरीने ह्यांच्यासमोर किल्लीचं चित्र ठेवलं. ह्यांचं "ते... ते..." सुरू झालं. मी इकडे "किल्ली! अहो, किल्ली!" म्हणून ओरडले, पण काचेतून काय ऐकू जाणार! ती पोरगी मात्र हलली नाही. ना घड्याळाकडे बघितलं, ना मान हलवून घाई केली. बसून राहिली. आणि मग मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. माझ्यासमोर मिटणारे डोळे तिच्यासमोर उघडे होते. किती वेळ गेला कोण जाणे, आणि "कि... ल्ली" आलं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत की शाबासकी दिली नाही. नुसतं हसून पुढचं चित्र ठेवलं. मी पदराने डोळे पुसले आणि पोरगी बदलायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

घरासाठी तिने एकच नियम घालून दिला. काय विचारायचं ते एकदा विचारायचं, आणि काका बोलेपर्यंत काकूंनी तोंड उघडायचं नाही. मला कडक उपास सांगितला असता तर परवडला असता. शेवटी मी तोंडात लवंग धरायला लागले. लवंग दाताखाली आहे तोवर गप्प राहायचं. त्या दिवसांत घरात लवंगांचा डबा किती वेळा भरला विचारू नका.

एकदा सकाळी दाढी करताना ह्यांच्या तोंडून स्वच्छ, खणखणीत आवाजात बाहेर पडलं, "एक वार, दोन वार, तीन वार!" मला आनंदाने काही सुचेना. नणंदेला फोन, जावेला फोन, बाजारात निरोप, आळीभर मिठाई. माणूस बोलायला लागला! दुसऱ्या दिवशी पोरीला सांगितलं, तर तिचा चेहरा काही खुलेना. अडखळत, पण न चुकता, तिने समजावलं: हे बोलणं नव्हे, काकू, ही सवय आहे. वर्षानुवर्षं म्हटलेलं तोंड आपोआप म्हणतं, शिव्याही तशाच येतात. याने त्यांना पाणी मागता येणार नाही. माझं तोंड एवढंसं झालं. वाटलेली मिठाई परत थोडीच मागता येते!

पण तिने ती सवय वाया जाऊ दिली नाही. ह्यांना दोन वारपर्यंत म्हणू द्यायची आणि तिथे थांबवायची, बाजारात थांबायचे तसं, डावा हात वर. त्या थांबण्यात ह्यांची घालमेल होत नसे, कारण ते थांबणं ह्यांचं स्वतःचं होतं. तिथेच ती चित्र पुढे सरकवायची. तिथून एकेक शब्द यायला लागला. पाणी. नको. बस. मीठ कमी. हे शेवटचं जरा जास्तच लवकर आलं.

शिकवलेलं घरात वापरता येतं का ते बघायला या कोर्सची मुलं घरीही येतात. ती आली की मी विचारायची, चहा की कॉफी, आणि ती म्हणायची कॉफी. मग एरंडेल प्यावं तसं तोंड करून कप संपवायची. म्हणून तर मी तिला कॉफीवाली म्हणायला लागले. एक दिवस लवंग थुंकून विचारलंच, आवडत नाही तर मागतेस कशाला गं? तेव्हा कळलं, पोरीला जीव जाईल इतका चहा आवडतो. पण चहातला च अडतो, कॉफी सुटते. म्हणून जन्मभर कॉफी.

मग एकेक सांगत गेली. बाप शाळेची बस चालवतो, आई कपड्यांच्या दुकानात आहे. लहानपणी सगळीकडे आईच हिच्या वतीने बोलायची. एकटी बसने निघाली की आपल्या थांब्याचं नाव तोंडातून निघायचं नाही, म्हणून पुढच्या थांब्याचं तिकीट काढायची आणि उलटी चालत यायची. शाळेत शिक्षक दया येऊन शब्द सुचवायचे. चुकीचा सुचवला तरी ही मान डोलवायची, सुटका तरी व्हायची. मग कुणीतरी तिला याच कॉलेजात आणलं. तिथल्या एका शिकाऊ मुलीने काही न सुचवता तिचं पूर्ण ऐकून घेतलं. तेव्हाच हिने ठरवलं होतं, आपण हेच शिकायचं. मी म्हटलं, मग आज चहा माग की. तिने हसून नको अशी मान हलवली.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. तिने ह्यांनाच निवडलं. बाहेरचे परीक्षक येणार होते. पास झाली तर मोठ्या इस्पितळातली जागा तिची वाट बघत होती. नापास झाली तर वर्ष गेलं, आणि वर "आम्ही म्हटलंच होतं" म्हणणारे तयारच होते. मी काचेमागे बसले, शेजारी मोठ्या बाई. दोघींचा जीव टांगणीला, आणि दोघींनाही आत बोलायची मुभा नाही.

ह्यांना शिकवणं छान पार पडलं. मग परीक्षकांनी तिला विचारलं, लिलावाची पुकार का वापरलीत? तिने तोंड उघडलं. "का... का..." आणि अडकली. परीक्षक माणूस बरा होता, थोडा थांबला. मग घड्याळाकडे बघितलं आणि तिला मदत म्हणून बोलला, "म्हणजे पुकारता येतंय, म्हणजे बोलणं परत आलंय, म्हणून. बरोबर?"

चूक! माझीच मिठाईची चूक. मुद्दाम केली की घाईत, देव जाणे. मी बाईंचा हात गच्च धरला. पोरगी घामाघूम झाली होती, आणि तिची हनुवटी हळूहळू खाली जायला लागली. तिने मान डोलवली की संपलं. मी मनात म्हटलं, मेली पुन्हा कॉफी मागतेय.

तेवढ्यात आमच्या ह्यांनी डावा हात वर केला. गोण्यांवर उभे राहून करायचे, अगदी तसा.

"थांबा," ते म्हणाले. परीक्षक दचकून बघायला लागले. मग बराच वेळ काही नाही. मग, "ती... सांगतेय."

ती सवयीची पुकार सोडली, तर तोवर ह्यांच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द कुणीतरी विचारल्यावर आला होता. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. झटक्यानंतर माझा नवरा पहिल्यांदा आपण होऊन बोलला, आणि तेही स्वतःसाठी नाही.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पोरीने त्या वर धरलेल्या हाताकडे बघितलं, हनुवटी उचलली आणि म्हणाली, "न... नाही." मग प्रत्येक दुसऱ्या शब्दाला अडखळत तिने सगळं सांगितलं, सवय म्हणजे काय, बोलणं म्हणजे काय, आणि थांबल्यावर काय होतं. तिला लागायचा तेवढा वेळ लागला. हात थरथरायला लागला तरी ह्यांनी तो खाली घेतला नाही. तिचं संपल्यावरच घेतला. बाई माझ्या शेजारी बसून हुंदके देत होत्या, आणि मला धीर देत होत्या म्हणे!

ती पास झाली. त्या वर्षी सगळेच पास झाले. वार्षिक समारंभात बाईंनी कोर्सची कामगिरी वाचून दाखवली आणि फळ्यावर नव्या ओळी चढल्या, त्यात एक तिची, पुढे इस्पितळाचं नाव. मी त्या फळ्याला नावं ठेवली होती. आता कुणाच्या घरी झटका आला म्हटलं की मीच त्यांना ओढत नेऊन त्यासमोर उभं करते. त्या बाईंचे आणि या पोरीचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. माझा माणूस त्यांनी भिंतीकडून माझ्याकडे वळवून दिला.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. मी आधण ठेवलं आणि विचारलं, "काय घेणार?" एकदाच विचारलं. ती म्हणाली, "च..." आणि अडकली. मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, भिंतीलाही माहीत असेल. माझं तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे बघून डावा हात वर केला.

आधण उकळत राहिलं. मी लवंगेशिवाय गप्प उभी राहिले.

"च... च... चहा."

मी चहापत्ती टाकली, साखर किती ते विचारलं, आणि पुन्हा थांबले.