निर्माल्यात गेलेली पट्टी

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही — आमच्या ह्यांनीसुद्धा नाही, आणि ते तर गेले. तुमच्यापाशी का बोलतेय? ठाऊक नाही. पण बोलते.

नव्वदनंतरची वर्षं ती. काशीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत बापूभावोजी, माझे धाकटे दीर, रसायनाच्या हौदात बुडवून लोखंडावर मुलामा चढवायचे. नुसत्या जस्ताचा नाही — जस्तात किंचित निकेल. "वहिनी, हा गंगेला पुरून उरेल," म्हणायचे. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेली मी. त्यांच्याजवळ उभी राहून शिकले. सासूबाई कुरकुरायच्या, "चूल सोडून हौदापाशी काय गं तुझं?" भावोजींनी मात्र मला कधी हाकललं नाही.

चमक यावी म्हणून हौदात एक औषध पडायचं — थेंब थेंब. आधी एका पट्टीवर मुलामा चढवायचा, ती मिठाच्या पाण्यात ठेवून गंजाची वाट बघायची, मगच पुढचं काम. अशी सबुरी!

एकदा ते प्रयागला गेले, आणि एका नावाड्याच्या साखळ्या माझ्यावर सोपवून गेले. पहिलीच साखळी बघून तो हसला, "भौजी, ई त राख जइसन लगत हौ!" मला लागलं ते. फोडणीत हिंग जरा जास्त पडलं तर काय बिघडतं — असंच ना? मी औषधाची अख्खी वाटी ओतली. बाकीच्या साखळ्या आरशासारख्या निघाल्या. तो खूश. मीही.

पावसाळा सरला तोवर मुलाम्याला फोड आलेले. नखानं पापुद्रे सुटायचे, खाली तांबडा गंज. चमकेपायी मुलामा ठिसूळ झाला होता. नावाड्यानं साखळी अंगणात आपटली, "ल भइया, आपन चांदी!" भावोजींनी ती उचलून घेतली. त्यांना वाटलं, आपलं निकेलचं प्रमाणच चुकलं.

खिडकीतल्या मिठाच्या पाण्याच्या बरणीत त्यांची पट्टी होती — त्याच हौदातली, माझी वाटी पडण्याआधीची. मी काढून बघितली. स्वच्छ होती हो! त्यांनी पाहिली असती तर हौदात नंतर काहीतरी पडलं, हे लगेच ओळखलं असतं. मग मी काय केलं — सांगू? देवाच्या निर्माल्यात ती पट्टी गुंडाळली आणि अमृतराव घाटावर गंगेत सोडली. बरणी फुटली, म्हणून सांगितलं.

भावोजींनी हौद मोडला. पुढे जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडत राहिले.

सासूबाई मला पडवीत पाऊल टाकू देणार नाहीत, म्हणून भ्याले का? असेन. पण त्या गेल्यावर तरी कुठे बोलले?

भावोजींच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांना पेज भरवत होते. मधेच म्हणाले, "वहिनी, माझं कुठं चुकलं असेल हो?" कशात, ते विचारावं लागलं नाही. सगळं ओठांवर आलं होतं — आणि मी म्हटलं, "निकेल जास्त पडलं असेल, भावोजी."

"हं. मला वाटलंच," म्हणाले. आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.