काकांच्या बाथरूममधली दांडी

काशीचं काही लिहितोय म्हटल्यावर तुम्ही होडी, आरती, धूर, पहाटेचं पाणी अशी सगळी तयारी करून बसला असाल. बसा. माझ्याकडे साडेचार बाय पाच फुटांचं एक बाथरूम आहे. त्यात एक टोटी म्हणजे नळ, एक दांडी आणि खिडकी म्हणावं असं एक भोक. भोकातून गंगा दिसत नाही, शेजाऱ्यांची टाकी दिसते.

घर थोरल्या काकांचं, अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत. माझे बाबा रेल्वेत, त्यामुळे माझी शाळा लहान लहान स्टेशनांच्या गावी झाली. तिथे मी गाड्यांच्या अनाउन्समेंटपासून हेडमास्तरांच्या खोकल्यापर्यंत सगळे आवाज काढायला शिकलो, बाकी विशेष काही शिकलो नाही. मग कॉलेजसाठी म्हणून काका-काकूंकडे राहायला आलो. काका याज्ञिक. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांची श्राद्धं, पूजा करायचे. स्वतःची अंघोळ मात्र रोज पहाटे घाटावर, लग्नाच्या आधीपासून.

त्या वर्षी दिवाळीनंतर ते शेवटच्या पायरीवर शेवाळावरून घसरले. गुडघ्याच्या वाटीला चीर गेली. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, घाटाच्या पायऱ्या बंद, अंघोळ घरी, आणि परत पडलात तर मग चालणं विसरा.

काका म्हणाले, "बघू. घरात अंघोळीजोगी जागा झाली तर."

म्हणजे झाली नाही तर ते काठी टेकत पुन्हा घाट उतरणार. हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारावं लागलं नाही. तोवर ते अंगणात पाटावर बसून बाल्टीने अंघोळ करत, आणि दर तांब्याला चेहरा असा करत की जणू कुणी शिक्षा दिलीय.

जुनं बाथरूम फोडायला घेतलं तेव्हा काकूने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"दुकानात त्यांच्याबरोबर तू जा. टोटी, फरशी काय हवं ते घेऊ देत. पण भिंतीला धरायची ती दांडी आली पाहिजे. दवाखान्यात होती बघ, तशी."

"ते नाही घेणार."

"म्हणून तर तुला पाठवतेय. नीट बोलून पटव. नकला नको करूस."

लोहटिया बाजारात सॅनिटरीच्या दुकानात काकांनी पहिली टोटी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "इसमें चमड़ा तो नहीं?"

पूर्वी नळात चामड्याचा वायसर असायचा. चामड्याला लागून आलेलं पाणी सोवळ्यात चालत नाही, म्हणून आमच्याकडच्या जुन्या मंडळींनी नळ आल्यावरही कित्येक वर्षं विहिरीचं पाणी सोडलं नव्हतं. काकांच्या लेखी ते प्रकरण अजून चालू होतं.

"पंडितजी," दुकानदार म्हणाला, "चमड़ा तो अब जूते में नहीं मिलता, टोटी में कहाँ से आएगा."

"खोलकर दिखाइए."

त्याने बिचाऱ्याने पाना घेऊन खोलून दाखवली. काकांनी चष्मा कपाळावर चढवून आत डोकावलं. "ये सफेद क्या है?"

"सिरेमिक, महाराज. समझिए, मिट्टी है."

"माती म्हणतोय," काका मला म्हणाले. "मातीला हरकत नाही."

मग दुकानदाराने उत्साहाने शॉवर दाखवला. काका म्हणाले, "उभ्याने अंघोळ करायला मी म्हैस आहे का?" गंगेतही माणूस उभ्यानेच अंघोळ करतो, हे मला सुचलं होतं. पण मला अजून दांडी घ्यायची होती. फरशी त्यांनी स्वतः पसंत केली, पांढरी, गुळगुळीत, पाय ठेवला की पुढे जाणारी. खरबरीत दाखवली तर म्हणाले, त्यात मळ बसतो.

आता दांडी घेणं आणखीच जरूर झालं. मी ती शेल्फवरून काढून काउंटरवर ठेवली. स्टीलची, दीड हात लांब.

"हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत दुकानदार म्हणाला, "बुजुर्गों के लिए है. पकड़कर उठने का."

काकांनी ती एका बोटाने त्याच्याकडे सरकवली. "हमारे घर में कोई बुजुर्ग नहीं."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. "काका, ती तुमच्या सोवळ्याच्या धोतरासाठी. वाळत घालायच्या बांबूला भुंगा लागलाय ना."

पूजेचं धोतर धुऊन वाळत घातलं की नेसेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही, हा आमच्या घरातला पक्का नियम. काकांनी दांडीवर नखाने टकटक केली. "गंजणार नाही?"

"स्टील आहे."

"घे."

घरी येऊन काकूला दांडी दाखवली तेव्हा तिने मला लाडू दिला. तो लाडू फरशी आणि भिंतीच्या टाइल बसेपर्यंत पचला. त्या संध्याकाळी मिस्त्री दांडीची मापं घ्यायला आला आणि काकांनी काठीने जागा दाखवली, भिंतीच्या पार वर, छताच्या वीतभर खाली. "यहाँ."

बरोबरच होतं. सोवळं कुणाचा हात लागू नये म्हणून उंचावरच घालतात, काठीने. आमचा बांबूही तिथेच होता. मीच विकलेली गोष्ट त्यांनी जशीच्या तशी विकत घेतली होती.

काकूने मला परत स्वयंपाकघरात बोलावलं. "माणसं छताला धरून उठतात का रे?"

सकाळी आठला मिस्त्री ड्रिल घेऊन आला. त्या वेळी काका वरच्या देवघरात दार लावून संध्येला बसलेले. तासभर मौन. घर पेटलं तरी एक शब्द नाही. मी हिशेब केला की ते खाली येऊ शकत नाहीत. त्यांचा मोबाईल खाली फडताळात होता. तो घेऊन मी गच्चीवर गेलो आणि मिस्त्रीला फोन लावला.

"हाँ, सुनो. वो डंडा नीचे लगाओ. पाटे के बगल में, कमर के बराबर."

"पंडितजी, कल तो आप ऊपर बोले थे."

"कल भी हम बोले थे, आज भी हम ही बोल रहे हैं." काका वाक्य संपलं की घसा खाकरतात. मी तेही खाकरलो.

खाली ड्रिल सुरू झाला.

नऊला काका उतरले. दांडी पाहिली. मिस्त्री हत्यारं आवरत होता.

"किसने बोला?"

"आपने, पंडितजी. फोन पर."

"कब?"

"अभी. आठ बजे के बाद."

काकांनी काकूकडे पाहिलं. काकू कणीक मळत होती, ती फार लक्ष देऊन मळायला लागली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, काढ म्हणाल तर काढतो, पण टाइल फुटेल. काका म्हणाले, "रहने दो."  दुपारी मी जेवायला बसलो तर ते ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते नव्या बाथरूममध्ये शिरले. काकू आणि मी बाहेर उभे. ती तांबे मोजत होती. पाण्याचा आवाज, मंत्र, पाण्याचा आवाज. मग मंत्र थांबला आणि बराच वेळ काहीच नाही. काकूने माझं मनगट धरलं. आतून "हं" असा एक आवाज आला, पाट सरकला, आणि काका ओलं धोतर खांद्यावर टाकून स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

ते वर गेल्यावर मी आत जाऊन पाहिलं. भिंत त्या बाजूने कोरडी होती. दांडी ओली होती.

मौन संपल्यावर मला वर बोलावणं आलं.

"माझ्या मौनात तू बोललास," काका म्हणाले. "माझ्या तोंडाने."

"काका, तुम्ही पडू नये म्हणून—"

"ते मला सांगू नकोस. पडणं न पडणं माझं मी बघेन. इतकी वर्षं त्या वेळेला माझ्या तोंडून शब्द गेला नाही. कालपर्यंत. आता तो मिस्त्री सगळ्या गल्लीत सांगतोय, पंडितजी संध्या करता करता फोनवर बोलतात. त्याला काय सांगू? माझा पुतण्या गाढव आहे?"

"सांगा."

"सांगितलं. तो म्हणाला, नाही नाही, आवाज आपकाच था."

खालून काकूचा आवाज आला, "मी याला आधीच म्हटलं होतं, नकला नको करूस."

"तू गप्प बैस. लाडू कुणी दिला ते मला माहीत आहे." मग परत माझ्याकडे वळून, "उद्यापासून आठ ते नऊ इथे माझ्यासमोर मांडी घालून बसायचं. तोंड बंद. शिंक आली तर गिळायची. आणि त्या दांडीला माझं धोतर कुणी लावायचं नाही, सगळ्यांचे हात लागतील असल्या जागी बसवून ठेवलीय. जा, त्या मिस्त्रीकडे जा आणि स्वतःच्या आवाजात सांगून ये, कोण बोललं ते. आहे ना तुला स्वतःचा आवाज?"