बाजेखालची धुरी

पाचवीच्या पूजेला आत्या आली ती खोकतच. नाकाला पदर. त्याच पदरानं तिनं माझ्या लेकीचं तोंड पुसलं आणि "आगं, बापावर गेली की!" म्हणत मुकाही घेतला. शी! मला किळस आली. पण माहेरी बाळंतपणाला आलेल्या पोरीनं बापाच्या थोरल्या बहिणीला "लांब हो" म्हणायचं कसं? पेडगावात तसं बोललेलं वर्षभर पुरतं.

दोन-तीन दिवसांत मला सणकून ताप भरला. खोकला असा, की टाके उसवतील असं वाटायचं. "बाळंतवारा हाय. धुरी कमी पडायलीय," आत्यानं ठरवूनच टाकलं. खिडकीत गोधडी कोंबली, माझे कान बांधले, बाजेखाली शेगडी सारली आणि निखाऱ्यांवर ओवा, शेपा, लसणाची टरफलं टाकली. डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर.

"आई, दम घेता येईना गेलाय."

आई आत्याच्या तोंडाकडं बघायची. आत्या आणखी मूठभर ओवा टाकायची. अस्सा संताप यायचा! गोठ्यात धूर करताना जनावरासाठीसुद्धा दार उघडं ठेवतात.

नवरा लेकीला बघायला आला. माझे निळे ओठ बघून त्यानं कुणाला विचारलंच नाही, उचललं आणि थेट परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, रिपोर्टची वाट न बघता फ्लूच्या गोळ्या सुरू केल्या. "फ्लू छातीत उतरलाय. बाळंतिणीला हा लय जड जातो. आणि धूर कुणी दिला हिला?" लेकीला घेऊन सोबत आलेली आई दाराकडं सरकली. लेकीला पाजू का, हे विचारताना मला रडूच फुटलं. "मास्क लावा, हात धुवा आणि खुशाल पाजा," त्या म्हणाल्या.

आई पायाशी बसून हमसून हमसून रडली. "माझीच मती मारली गेली गं," म्हणाली. मला तिची दया आली.

बरी होऊन घरी आले, तर आत्या ओट्यावर बायका जमवून बसलेली. "मरणाच्या दारातून आणली पोरगी. माझ्या धुरीनंच वाचली. गोळ्यांत काय ठेवलंय?"

आता तरी आई तोंड उघडेल, म्हणून मी तिच्याकडं बघितलं.

"हो वन्सं," आई म्हणाली, "तुमीच वाचवलं."

आत्यानं हसत लेकीसाठी हात पुढं केले. मी दिली नाही. मग आईनं केले. तिलाही दिली नाही.