आम्ही रद्द केलेली स्वित्झर्लंड ट्रिप

"मोटर न्यूरॉन डिसीज," डॉक्टर म्हणाले. म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा हळूहळू काम सोडतात. माझ्या नवऱ्याने, शिरीषने, एवढंच विचारलं, "शेवटी श्वासाचं काय?" तोही कमी पडत जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

शिरीषचा जन्म गेला जहाजांवर, चीफ इंजिनीअर म्हणून. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या आमच्या फ्लॅटवर पोचल्या पोचल्या त्याने जाहीर केलं, "इंजिन कधी बंद करायचं ते मी ठरवणार." स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांच्या मदतीने मरण पत्करता येतं, परदेशी माणसालासुद्धा. इथे परवानगी नाही. मी रडले, भांडले, शेवटी हो म्हणाले. काय करणार? जीव त्याचा.

नातेवाइकांना सांगितलं, फिरायला चाललोय. आणि तिथेच फसलो! शिरीषची मोठी बहीण, पुण्याच्या सुनंदाताई, फोनवर ओरडल्याच, "अगं, मग मीही येते! मेतकूट, चकल्या सगळं घेते. तिकडे जेवणाचे फार हाल होतात म्हणे." व्हिसाची चौकशीही करून मोकळ्या झाल्या.

मरायला निघालेल्या माणसाबरोबर मेतकूट! आम्हाला आधी हसू आवरेना, मग रडू. शेवटी शिरीषने व्हिडिओ कॉलवर त्यांना खरं काय ते सांगून टाकलं.

 ताई कडाडल्या, "तुझ्या डॉक्टरांना सांगितलंस का हे? की परस्पर तिकिटं काढलीस?"

सांगितलं नव्हतं. रागावतील अशी भीती होती.

ताईंच्या धाकाने सांगितलं, तर ते मुळीच रागावले नाहीत. त्यांनी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार. बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला मरायचंय, की गुदमरायचं नाहीये?"

शिरीष म्हणाला, "गुदमरायचं नाहीये."

"त्यावर औषधं आहेत. श्वासाला मदत करणारं मास्कचं मशीन आहे. नर्स घरी येईल. आम्ही तुम्हाला एकटं सोडणार नाही."

टॅक्सीत तो रडायलाच लागला. "मला जायचं नव्हतं गं. माझे हाल तुला बघवणार नाहीत, म्हणून निघालो होतो."

"आणि मी तुझ्यासाठी हो म्हणाले, शहाण्या!"

छातीवरचा धोंडा उतरला. आजार आहे तिथेच आहे. उजवा हात आता उचलत नाही. कुणी वेगळं ठरवलं तर मी नावं ठेवणार नाही. पण तुमच्या घरी असं दुखणं आलं, तर आधी एकमेकांना विचारा. सुनंदाताईंचे आणि त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

तिकिटं रद्द केली त्या दिवशी मी वरणभात कालवला. इतके दिवस तो डाव्या हाताने सांडत जेवायचा, मला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी त्याने आपणहून तोंड उघडलं.